पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारी प्रथिने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशी-आसंजन प्रथिने म्हणजे नेमके काय?

प्राण्यांच्या शरीरातील बहुतेक पेशी सुट्या नसतात. त्या शेजारच्या पेशींना, किंवा आपल्या भोवती पसरलेल्या तंतुमय आधारद्रव्याला धरून असतात. हे काम पेशीच्या बाह्यपटलात रुतून बसलेली काही प्रथिने करतात आणि त्यांनाच पेशी-आसंजन प्रथिने म्हणतात. अशा प्रथिनाचा एक भाग पेशीच्या बाहेर डोकावतो आणि समोरच्या रेणूला पकडतो, मधला भाग पटल आरपार छेदतो आणि शेवटचा भाग पेशीच्या आत उतरून तिथल्या तंतूंच्या सांगाड्याशी जोडला जातो. या प्रथिनांना गोंद म्हणण्याची सवय आहे, पण गोंद कशालाही चिकटतो आणि एकदा सुकला की सुटत नाही. ही प्रथिने मात्र कोणाला धरायचे ते निवडतात, गरजेनुसार पकड घट्ट किंवा सैल करतात आणि वेळ आली की सोडूनही देतात. या विषयातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे शेवटी या सोडण्याच्या क्षमतेपाशीच येऊन पोहोचतात.

अशी प्रथिने किती प्रकारची आहेत?

मुख्य कुळे चार मानली जातात : कॅडहेरिन, इंटिग्रिन, सिलेक्टिन आणि प्रतिपिंडांशी रचनेचे साम्य असलेले इम्युनोग्लोब्युलिन महाकुल. कॅडहेरिन प्रामुख्याने पेशीला पेशीशी जोडतात, तर इंटिग्रिन पेशीला आधारद्रव्याशी जोडतात. सिलेक्टिन रक्तातील पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीवर क्षणभर अडवतात, आणि चौथ्या कुळातील प्रथिने मज्जापेशींपासून प्रतिकारपेशींपर्यंत अनेक ठिकाणी आढळतात. ही विभागणी सोयीची आहे, काटेकोर नाही, कारण काही इंटिग्रिन पेशीला पेशीशीही जोडतात. शिवाय घट्ट सांध्यांतील क्लॉडिनसारखी प्रथिने या चौकटीत बसतच नाहीत.

पेशी कोणाला चिकटायचे हे निवडतात, हे कसे समजले?

याची सुरुवात स्पंज या साध्या सागरी प्राण्यापासून होते. १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पाण्यात पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांच्यापासून स्पंज पुन्हा घडला. पुढे १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचर प्राण्यांच्या गर्भातील पेशी सुट्या करून मिसळल्या, तेव्हा त्या पेशी नुसत्या गोळा झाल्या नाहीत, तर जातवारीने वेगळ्या होऊन त्वचेच्या पेशी बाहेर आणि मज्जापेशी आत अशी गर्भाला साजेशी मांडणी त्यांनी आपली आपण केली. सुट्या पेशींना आपले स्थान सापडते, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावर ओळखीची काही खूण असली पाहिजे, हे यातून उघड झाले. ती खूण म्हणजे कोणता रेणू, हे मात्र पुढची वीसएक वर्षे कळले नाही.

त्याचे उत्तर जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांच्या कामातून मिळाले, आणि तेही प्रयोगशाळेतल्या एका किरकोळ फरकामुळे. पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन हे विकर वापरतात. क्योटोमध्ये अशा रीतीने सुट्या केलेल्या पेशी लगेच पुन्हा चिकटत असत, पण अमेरिकेतील बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत तसे होईना. तिथल्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे एक रसायन मिसळलेले होते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणजे चिकटवणारे प्रथिन कॅल्शियमच्या सान्निध्यात ट्रिप्सिनला दाद देत नाही आणि कॅल्शियम काढून घेतले की कापले जाते. १९७७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, १९८४ मध्ये त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले आणि १९८७ मध्ये निर्णायक पुरावा हाती आला : एरवी एकमेकींना न धरणाऱ्या पेशींमध्ये ई-कॅडहेरिन या कॅडहेरिनच्या एका प्रकाराचे जनुक घातल्यावर त्या पेशी एकमेकींना बिलगू लागल्या.

कॅडहेरिनला कॅल्शियम कशासाठी लागते?

नेहमीच्या कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागात एकापुढे एक असे पाच खंड असतात आणि दोन खंडांच्या प्रत्येक सांध्यात कॅल्शियमचे आयन बसतात. ते असताना साखळी ताठ आणि किंचित वक्र राहते. नसताना ती लुळी पडते आणि समोरच्या पेशीवरील कॅडहेरिनपर्यंत नीट पोहोचत नाही. पकड घेताना टोकाच्या खंडातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल समोरच्या रेणूच्या खोबणीत शिरते आणि समोरच्याचे ट्रिप्टोफॅन याच्या खोबणीत येते. ही देवाणघेवाण साधारणपणे सजातीय रेणूंमध्ये अधिक जमते. ई-कॅडहेरिन असलेल्या आणि एन-कॅडहेरिन असलेल्या पेशी एकत्र ढवळल्या तर त्या बहुधा आपापले वेगळे पुंजके करतात, याचे हे एक कारण आहे.

मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने ऊती अधिक घट्ट होतात का?

नाही. पेशींबाहेरच्या द्रवातील कॅल्शियमची पातळी शरीर संप्रेरकांच्या साहाय्याने अतिशय अरुंद मर्यादेत ठेवते आणि कॅडहेरिनला पुरेल इतके कॅल्शियम तिथे नेहमीच असते. पेशींची पकड सैल किंवा घट्ट करण्यासाठी शरीर कॅल्शियमची पातळी बदलत नाही. ते कॅडहेरिनची संख्या, त्यांची जागा आणि आतल्या जोडण्या बदलते.

एकेक बंध दुबळा असेल तर ऊती फाटत का नाहीत?

कॅडहेरिनचा सुटा बंध खरोखरच दुबळा आणि अल्पजीवी असतो. बळ येते ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे संख्या : असे असंख्य रेणू एका जागी दाटीने जमतात, त्यामुळे काही बंध सुटत असताना बाकीचे टिकून राहतात आणि सुटलेलेही पुन्हा जुळतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांत पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे वाटते. कॅडहेरिनच्या आतल्या टोकाला बीटा-कॅटेनिन, त्याला अल्फा-कॅटेनिन आणि त्याला पेशीच्या सांगाड्यातील ॲक्टिनचे तंतू अशी साखळी जोडलेली असते. ऊतीला ताण बसला की तो पटलावर न थांबता या साखळीतून पेशीच्या सांगाड्यात उतरतो. ताणामुळे अल्फा-कॅटेनिनचा एरवी मिटलेला भाग उलगडतो, तिथे व्हिन्क्युलिन हे प्रथिन येऊन बसते आणि ॲक्टिनशी आणखी जोडण्या तयार होतात. थोडक्यात, काही मर्यादेपर्यंत ओढ वाढली की सांधा आपणहून बळकट होतो. ही आतली साखळी तुटली, तर पृष्ठभागावर कॅडहेरिन शाबूत असूनही पेशी एकमेकींना घट्ट धरू शकत नाहीत.

घट्ट सांधा, आसंजक सांधा आणि डेस्मोसोम यांत काय फरक आहे?

आतड्याच्या आतल्या अस्तरातील पेशींकडे पाहिले तर पोकळीच्या बाजूला सर्वांत वर घट्ट सांधा असतो. १९९८ मध्ये क्योटोतील शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने शोधलेली क्लॉडिन ही प्रथिने तिथे दोन पेशींमधली फट बंद करतात आणि कोणते आयन त्या फटीतून जाऊ द्यायचे हेही ठरवतात. क्लॉडिन-१६ मध्ये दोष असलेल्या व्यक्तींच्या मूत्रातून मॅग्नेशियम वाहून जाते, ते यामुळेच. त्याखाली कॅडहेरिन आणि ॲक्टिनचा आसंजक सांधा पट्ट्यासारखा पेशीभोवती फिरतो. त्याच्याही खाली ठिकठिकाणी डेस्मोसोम असतात. त्यांत डेस्मोग्लीन आणि डेस्मोकोलिन हे कॅडहेरिनचेच भाऊबंद असतात, पण आत त्यांची जोडणी ॲक्टिनशी नसून केराटिनच्या चिवट तंतूंशी असते. म्हणूनच सतत घासल्या जाणाऱ्या त्वचेत आणि सतत आकुंचन पावणाऱ्या हृदयात डेस्मोसोम विपुल असतात. हृदयात मात्र केराटिनच्या जागी डेस्मिनचे तंतू असतात.

ही प्रथिने बिघडली तर त्वचेवर फोड का येतात?

पेम्फिगस व्हल्गॅरिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच डेस्मोग्लीन-३ विरुद्ध, आणि पुष्कळदा डेस्मोग्लीन-१ विरुद्धही, प्रतिपिंडे तयार करते. त्यामुळे बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, मधल्या पोकळीत द्रव भरतो आणि सैल, सहज फुटणारे फोड उठतात. अनेक रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात तोंडातील न भरणाऱ्या जखमांनी होते. याचे कारण असे की तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन-३ वर असते, तर त्वचेच्या वरच्या थरांत डेस्मोग्लीन-१ भरपूर असल्यामुळे एकाची उणीव दुसरे भरून काढू शकते. पेम्फिगस फोलिएशियस या भावंड आजारात केवळ डेस्मोग्लीन-१ लक्ष्य होते. तिथे फोड त्वचेच्या अगदी वरच्या थरात येतात आणि तोंड सहसा सुरक्षित राहते. कोणते प्रथिन कोणत्या थरात किती आहे एवढ्या एका गोष्टीवरून फोड कुठे येतील याचा अंदाज बांधता येतो, हे आण्विक जीवशास्त्र आणि प्रत्यक्ष रुग्णतपासणी यांच्या मेळाचे फार देखणे उदाहरण आहे.

याच सूत्राचा अनपेक्षित पुरावा एका जिवाणूने दिला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या काही प्रकारांतील विष नेमके डेस्मोग्लीन-१ कापते. लहान मुलांमध्ये या विषामुळे भाजल्यासारखी त्वचा सोलून निघते आणि तिथेही सुटतो तो वरचाच थर. कारणीभूत प्रतिपिंड असो वा विष, तुटणारा दुवा तोच असल्याने जखमेची पातळीही तीच राहते.

बुलस पेम्फिगॉइड या आजाराशी मात्र वरील आजारांची गल्लत करू नये. तो प्रामुख्याने वयस्कर व्यक्तींना होतो. त्यात पेशी एकमेकींना धरूनच असतात. सुटते ते त्वचेचा तळ आणि आधारपटल यांमधले हेमिडेस्मोसोमचे बंधन. त्यामुळे फोड खोलवर, ताणलेले आणि सहसा लवकर न फुटणारे असतात.

पेम्फिगस पूर्वी बहुधा प्राणघातक ठरत असे. स्टेरॉइड औषधांनी चित्र बदलले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी रिटुक्सिमॅब या औषधाला मान्यता मिळाली. तोंडातील जखमा आठवडेच्या आठवडे भरत नसतील किंवा अंगावर फोड येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

हृदयाच्या आजारांशी यांचा संबंध आहे का?

आहे. डेस्मोसोममधील प्रथिनांच्या जनुकांत दोष असल्यास हृदयाच्या स्नायुपेशी ताण सोसताना हळूहळू सुटतात, त्यांच्या जागी चरबी आणि व्रणऊती येते आणि ठोक्यांची लय बिघडते. ग्रीसमधील नाक्सोस बेटावरून ओळखल्या गेलेल्या नाक्सोस आजारात प्लाकोग्लोबिन या डेस्मोसोममधील प्रथिनाच्या दोषामुळे लोकरीसारखे केस, तळहात-तळपायांची जाड कातडी आणि हृदयविकार हे तिन्ही एकत्र दिसतात.

इंटिग्रिन वेगळे कसे?

इंटिग्रिनचा प्रत्येक रेणू अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा असतो. मानवात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांपासून २४ जोड्या ज्ञात आहेत. इंटिग्रिन हे नाव १९८६ मध्ये रिचर्ड हाइन्स यांच्या गटाने दिले. त्याआधी, १९८४ मध्ये, फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या केवळ तीन अमिनो आम्लांच्या क्रमाला पेशी धरतात, हे पिएर्शबाखर आणि रुओस्लाती यांनी दाखवले होते.

इंटिग्रिनचे खरे वैशिष्ट्य असे की त्याची पकड आतून चालू किंवा बंद करता येते. निष्क्रिय इंटिग्रिन वाकलेले असते. पेशीच्या आतून टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिने त्याच्या शेपटीला लागली की ते ताठ होते आणि बाहेरचा रेणू पकडते. रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंवरून (प्लेटलेट) याचे महत्त्व लगेच पटते. प्रत्येक बिंबाणूवर अल्फा-टू-बी बीटा-थ्री या इंटिग्रिनचे सुमारे ८०,००० रेणू असतात आणि ते ज्याला पकडतात ते फायब्रिनोजेन हे प्रथिन रक्तात सतत वाहत असते. ते रेणू नेहमीच सक्रिय असते, तर सगळ्या रक्तवाहिन्या गुठळ्यांनी भरून गेल्या असत्या. जखम झाल्यावर मिळणाऱ्या संकेतानंतरच ते जागे होतात. उलट, हे इंटिग्रिन जन्मतःच सदोष असेल तर ग्लान्झमान थ्रॉम्बॅस्थेनिया हा आजार होतो. त्यात बिंबाणूंची संख्या पुरेशी असूनही रक्तस्राव थांबत नाही.

पांढऱ्या पेशी वाहत्या रक्तातून नेमक्या जागी कशा उतरतात?

संसर्ग झालेल्या भागातील रक्तवाहिन्यांचे अस्तर आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन आणते. ते पांढऱ्या पेशींवरील विशिष्ट शर्करा पकडते. हे बंध पटकन जुळतात आणि पटकन सुटतात, त्यामुळे पेशी भिंतीवरून लोळत जाते आणि तिचा वेग कमी होतो. विशेष म्हणजे ओढ किंचित वाढली की यांपैकी काही बंध अधिक काळ टिकतात. एवढ्या वेळात स्थानिक रासायनिक संकेत पेशीवरील इंटिग्रिन सक्रिय करतात, ते भिंतीवरील आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात, पेशी थांबते आणि भिंतीतून पलीकडे जाते.

इंटिग्रिनच्या बीटा-टू साखळीचे जनुक सदोष असलेल्या बालकांमध्ये ही मालिका मध्येच अडते. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर असतात, पण संसर्गाच्या जागी पू होत नाही. नाळ गळून पडण्यास लागणारा विलंब ही त्याची एक सुरुवातीची खूण असते. गंभीर प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण करावे लागते.

गर्भ घडताना या प्रथिनांची भूमिका कोणती?

उंदराच्या गर्भात आठ पेशी झाल्यावर तोवर गोल दिसणाऱ्या त्या पेशी ई-कॅडहेरिनच्या साहाय्याने एकमेकींवर चपट्या होऊन दाटतात. मानवी गर्भात हे थोडे उशिरा घडते. ई-कॅडहेरिन तयारच करता न येणारे उंदराचे गर्भ रुजण्याच्या सुमारास नष्ट होतात. पुढे मज्जानलिका तयार होताना तिच्या पेशी ई-कॅडहेरिन कमी करून एन-कॅडहेरिन वाढवतात आणि वरच्या त्वचापेशींपासून अलग होतात. कॅडहेरिनचा प्रकार किंवा प्रमाण बदलले की पेशींचे थर वेगळे होतात, हे सूत्र गर्भात वारंवार दिसते.

कर्करोग पसरतो तो पेशींची पकड सुटल्यामुळेच का?

अंशतः. ई-कॅडहेरिनच्या सीडीएच-१ या जनुकातील वारशाने आलेला दोष जठराच्या पसरट कर्करोगाला कारण होतो, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून सिद्ध झाले. या कर्करोगाच्या पेशी गाठ न करता अस्तराखाली विखुरतात, म्हणून दुर्बिणीच्या तपासणीत त्या सहज सापडत नाहीत आणि असा दोष असलेल्यांना प्रतिबंधक उपाय म्हणून जठर काढून टाकण्याचा सल्लाही दिला जातो. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगातही ई-कॅडहेरिन बहुधा हरवलेले असते.

तरीही ‘ई-कॅडहेरिन गेले की कर्करोग पसरतो’ हे समीकरण फारच सोपे केलेले आहे. स्तनाच्या सर्वांत नेहमीच्या, म्हणजे डक्टल कर्करोगात, पसरलेल्या पेशींवरही ते पुष्कळदा टिकून असते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा कर्करोगाच्या प्रारूपांतून ई-कॅडहेरिन काढून टाकल्यावर पेशी अधिक सुट्या झाल्या, पण दूरच्या अवयवात तग धरून वाढण्याची त्यांची क्षमता घटली.

जंतू या प्रथिनांचा गैरफायदा घेतात का?

पुष्कळ घेतात. सर्दीचे बहुसंख्य ऱ्हायनोव्हायरस आयकॅम-१ ला धरून पेशीत शिरतात आणि गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू इंटिग्रिनला धरतो. लिस्टेरिया हा जिवाणू आतड्यात ई-कॅडहेरिनला पकडतो, पण ही पकड त्या प्रथिनातील सोळाव्या अमिनो आम्लावर अवलंबून असते. मानवात तिथे प्रोलिन असते, उंदरात ग्लुटामिक आम्ल. त्यामुळे उंदराला तोंडावाटे लिस्टेरिया देऊन केलेल्या जुन्या प्रयोगांवरून मानवी आजाराबद्दल काढलेले निष्कर्ष जपून वाचावे लागतात.

या प्रथिनांवर काम करणारी औषधे आहेत का?

आहेत, आणि त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. बिंबाणूंचे इंटिग्रिन अडवणारे ॲब्सिक्सिमॅब १९९४ मध्ये आले. नंतर आलेल्या एप्टिफिबाटाइडची रचना एका खुळखुळ्या सापाच्या विषातील प्रथिनावरून सुचली. शिरेतून दिली जाणारी ही औषधे उपयोगी ठरली, पण त्याच लक्ष्यासाठी तयार केलेल्या पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या चाचण्यांत मृत्यू वाढल्याचे दिसले. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरू न देणारे नॅटालिझुमॅब मल्टिपल स्क्लेरोसिससाठी २००४ मध्ये मान्य झाले, २००५ मध्ये मेंदूच्या एका दुर्मीळ विषाणुजन्य संसर्गामुळे थांबवले गेले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आले. पेशींना सगळीकडेच अडवले तर जिथे त्यांची गरज आहे तिथेही त्या पोहोचत नाहीत, हा त्यातला पेच होता. मुख्यतः आतड्याकडे जाणाऱ्या पेशींवरील इंटिग्रिन अडवणारे वेडोलिझुमॅब २०१४ मध्ये आतड्याच्या दाहासाठी मान्य झाले, ते हा धडा लक्षात घेता अधिक नेमके आहे. सिलेक्टिनविरोधी क्रिझानलिझुमॅबला २०१९ मध्ये अमेरिकेत सिकलसेल आजारासाठी मान्यता मिळाली, मात्र पुढील चाचणीत अपेक्षित लाभ न दिसल्याने युरोपात २०२३ मध्ये ती मागे घेण्यात आली.

‘आतडे गळते’ म्हणून विकली जाणारी पूरके घ्यावीत का?

आतड्याच्या दाहजन्य आजारांत आणि सीलिॲक आजारात घट्ट सांधे सैल होतात, हे खरे आहे. परंतु थकवा, डोकेदुखी अशा सर्व तक्रारींचे मूळ तिथेच आहे आणि अमुक भुकटीने ते सांधे दुरुस्त होतात, या दाव्यांना भक्कम आधार नाही. मूळ आजाराचे निदान आणि त्यावरचे उपचार हाच योग्य मार्ग आहे.

ऐकण्याच्या क्रियेतही कॅडहेरिन असते, हे खरे का?

होय. आंतरकर्णातील केसपेशींच्या सूक्ष्म केसांची टोके कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ यांच्या धाग्याने जोडलेली असतात. ध्वनीने केस हलले की हा धागा ताणला जातो, आयनमार्ग उघडतात आणि संकेत निर्माण होतो. यांपैकी कोणत्याही एका प्रथिनाच्या जनुकातील गंभीर दोषामुळे अशर संलक्षण होऊ शकते, ज्यात जन्मजात बहिरेपणासोबत दृष्टीही हळूहळू जाते.

वनस्पतींच्या पेशीही याच प्रथिनांनी जोडलेल्या असतात का?

नाही. वनस्पतींच्या पेशी त्यांच्या भिंतींमधील पेक्टिनयुक्त थराने जोडलेल्या असतात आणि त्यांच्यात कॅडहेरिन नसते. याउलट मोनोसिगा ब्रेव्हिकोलिस या एकपेशीय जीवाच्या जनुकसंचात कॅडहेरिनची २३ जनुके सापडली आहेत. शेजारी धरून ठेवायला दुसरी पेशीच नसताना ही प्रथिने तिथे कदाचित जिवाणूंसारखे भक्ष्य पकडण्यास उपयोगी पडत असावीत, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर पेशींना बांधणारी ही प्रथिने बहुपेशीय प्राण्यांच्याही आधीची ठरतात.